डाव्या कानातली पेटी

आमच्या घरी रेकॉर्डिंग स्टुडिओ होता असं सांगितलं की लोक जरा सावरून बसतात. तो कसा होता हे सांगितलं की पुन्हा सैल होतात.

मोहाडीला आमच्या घराच्या मागच्या अंगाला धान ठेवायची खोली होती. खिडकी नाही, दार एकच, आणि तीन भिंतींना वरपर्यंत पोती रचलेली. आवाज भिंतीवर आपटून परत येऊ नये म्हणून मोठ्या शहरातल्या स्टुडिओत भिंतींना काय काय लावतात, ते आमच्या ह्यांनी एका मासिकात वाचलं होतं. त्यांनी त्या खोलीत उभं राहून एक टाळी वाजवली. पोत्यांनी ती गिळून टाकली आणि त्या दिवसापासून खोलीचा स्टुडिओ झाला. सासूबाई मात्र तिला धानाची खोलीच म्हणत राहिल्या. त्यांचंही चुकत नव्हतं. कांडायला धान काढलं की स्टुडिओची एक भिंत खाली यायची आणि मग ह्यांना सगळी बटणं पुन्हा फिरवून बघावी लागायची.

ही गोष्ट ऐंशी सालानंतरच्या वर्षांतली. हे तहसील कचेरीत कारकून होते, पण स्वतःला मनातून इंजिनिअर समजत. रेडिओ दुरुस्तीचा कोर्स त्यांनी पोस्टाने केला होता. त्याचं प्रमाणपत्र देवांच्या फोटोंच्या रांगेत, देवांपेक्षा थोडं उंच लावलेलं होतं. गावातले बंद पडलेले रेडिओ ते हौसेने उघडत. उघडत असं मी जपून म्हणते आहे.

स्टुडिओत दोन टेपरेकॉर्डर होते. एक माझ्या वडिलांनी लग्नात कोंढ्याहून पाठवलेला. दुसरा ह्यांनी नागपूरहून आणलेला, जुना पण दणकट. एक माईक होता. माईकचा आवाज आणि टेपवरचा आवाज एकत्र करणारं यंत्र ह्यांनी स्वतः बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात बसवलं होतं. आणि सगळ्यात मानाची वस्तू म्हणजे हेडफोन. वाटीएवढ्या दोन काळ्या कवचांचा, कान पूर्ण झाकणारा. त्याला हात लावायचा तर आधी हात पुसावे लागत.

एवढं सामान जमल्यावर त्याने काहीतरी करायला हवं होतं. ह्यांनी ठरवलं, मामाजींची गाणी टेप करायची.

मामाजी म्हणजे माझे सासरे. सारा जन्म त्यांचा राइस मिलमध्ये हलरवर गेला, म्हणजे धानाचं टरफल काढणाऱ्या यंत्रावर. पण तरुणपणी ते दंडारीत गात. गावातल्याच मंडळींनी उभी केलेली ती गाण्यानाचाची नाटकं. मामाजी गायला उभे राहिले की शेजारच्या गावची माणसं उठून जात नसत, असं जुने लोक सांगत. मी सून म्हणून आले तेव्हा मिल सुटली होती, दंडारही सुटली होती. उरले होते एक मितभाषी, ताठ बसणारे, पांढरी टोपी कधी न काढणारे गृहस्थ. आपण काही विचारावं, तर कधी उत्तर देत, कधी देत नसत. ह्यांचं म्हणणं, "बाबा माह्यं ऐकतच नाहीत." माझं म्हणणं मी कोणाला सांगत नसे, पण माझ्या हातचं जेवण त्यांना आवडत नाही असं मी धरून चालले होते. वाढताना "भात आणखी घालू काय?" म्हणून विचारलं तर ते समोर बघत राहायचे.

गाण्याला पेटी आणि ढोलकी हवी. पेटी वाजवणारे शाळेतले मास्तर रविवारी मोकळे असत. ढोलकीवाला लग्नसराईत बँडबरोबर फिरे आणि अधल्यामधल्या दिवशी सापडे. तिघं एका वेळी जमत नाहीत, यावर इलाज एकच होता आणि तो मासिकात दिलेला होता. आधी पेटी टेप करायची. मग ती पेटी हेडफोनवर ऐकत ढोलकीवाल्याने ढोलकी वाजवायची आणि दोन्ही मिळून दुसऱ्या टेपवर घ्यायचं. शेवटी पेटी-ढोलकी कानात ऐकत मामाजींनी गायचं. तिघांची घरं एकमेकांना हाक ऐकू येईल इतकी जवळ होती. पण शास्त्र ते शास्त्र.

पेटी आणि ढोलकीचं काम फार खळखळ न होता पार पडलं. ढोलकीवाल्याने हेडफोन लावून वाजवलं आणि जाताना एवढंच विचारलं, "मास्तर तिकडून वाजवून राहिले काय?" हे म्हणाले, मास्तर घरी आहेत. तो बराच वेळ त्या टेपकडे बघत होता.

मग मामाजींचा रविवार आला. ते धुतलेलं धोतर नेसून खोलीत आले आणि पोत्यावर ताठ बसले. ह्यांनी टोपीवरूनच हेडफोन चढवला, टेप चालू केला.

"ऐकू येऊन राहिलं काय, बाबा?"

"येऊन राहिलं."

"पेटी?"

"पेटी येऊन राहिली. पण येकाच कानात."

"कोणत्या?"

मामाजींनी उजव्या कानावर बोट ठेवलं.

ह्यांनी हेडफोन काढून स्वतःला लावला. दोन्ही कानांत पेटी. मला लावायला दिला. मलाही दोन्ही कानांत. पुन्हा मामाजींना लावला. उजव्यात आहे, डाव्यात नाही.

"लूज कनेक्शन," हे म्हणाले. ओळखीचा रोग सापडल्यावर डॉक्टरच्या तोंडावर येतो तसला आनंद त्यांच्या तोंडावर आला. त्या दिवशी गाणं झालं नाही, सोल्डरिंग झालं.

पुढचे काही रविवार आमच्या घरात त्या लूज कनेक्शनचा शोध चालला. आधी पिन बदलली. मग पिनपासून कवचापर्यंतची तार बदलली. मग डाव्या-उजव्याचा तोल सांभाळणारं बटण उघडून स्पिरिटने पुसलं. प्रत्येक दुरुस्तीनंतर एकच क्रम. ह्यांच्या कानाला दोन्हीकडून आवाज, माझ्या कानाला दोन्हीकडून आवाज, मामाजींच्या कानाला एकीकडून. हे मला बजावत, "तू नीट ऐकून सांग, मले बरं वाटावं म्हणून सांगू नको." मी नीटच ऐकत होते. इतकं नीट, की मागच्या पोत्यातली उंदरांची खुडबुडसुद्धा मला माईकमधून येऊन कानात वाजायची. ह्यांना तेही खूप आवडलं. म्हणाले, "पाह्यलं काय, माईक किती पॉवरफुल आहे."

मग ह्यांच्या लक्षात आलं, की बिघाड फक्त बाबांनी लावल्यावर होतो. इथवर त्यांचं बरोबर होतं. त्यापुढे त्यांनी असं ठरवलं, की दोष टोपीत आहे. टोपीच्या घडीने कवच उचललं जातं आणि आतली तार दबते.

"बाबा, टोपी काढा थोडी."

मामाजींनी माझ्याकडे बघितलं. मी पदर सावरून पोत्यांकडे तोंड केलं. सुनेसमोर बोडक्या डोक्याने बसायची त्यांच्यावर पहिलीच वेळ होती. त्यांनी टोपी काढून घडी मोडू न देता मांडीवर ठेवली. हेडफोन चढला. टेप सुरू झाला.

"आता?"

"उजव्यातच."

मामाजींनी टोपी परत घातली. मी तोंड वळवलं.

एका रविवारी ह्यांनी, एका कानाने तर एका कानाने, पण गाणं होऊनच जाऊ द्या, असं ठरवलं. तिथे नवीनच फजिती झाली. मामाजी म्हणत, आवाज वाढव. हे वाढवत. मामाजी म्हणत, आणखी. एका कानाने पेटी आणि ढोलकी दोन्ही पकडायची तर मोठाच लागणार. मामाजी गाऊ लागले, मान डोलली, डावं कवच सरकून कानशिलावर गेलं आणि त्यातून पेटी मोकळी ओरडायला लागली. ती सरळ माईकमध्ये. माईकमधून परत हेडफोनमध्ये. बघता बघता खोलीत अशी शिटी सुरू झाली, की अंगणातली कोंबडी उठून पळाली. ह्यांनी कान धरले. मी दाराकडे धावले. मामाजी मात्र डोळे मिटून आणखी एक ओळ गायले आणि मग उजव्या कानावर हात नेऊन म्हणाले, "हे काय होऊन राहिलं?"

"बाबा, तो डावा वाटका कानावर दाबून ठेवा. किती ओरडून राहिला, समजत नाही काय तुम्हाले?"

"कोण ओरडून राहिला?"

"हेडफोन."

"तूच ओरडून राहिला," मामाजी म्हणाले आणि उठून गेले.

त्यानंतर बापलेकांचं बोलणं काही दिवस माझ्यामार्फत चाललं. सासूबाईंनी त्या काळात एक अक्षर काढलं नाही. त्या अंगणात तांदूळ निवडत बसायच्या आणि धानाच्या खोलीकडे बघायच्या. आतला संसार आपला नव्हेच, असं ते बघणं असे.

शेवटी हे रजा टाकून नागपूरला गेले. दुकानदाराला हेडफोन दाखवला. त्याने लावून बघितला, चांगला आहे म्हणाला. ह्यांनी त्याच्याशी वाद घातला आणि वाद जिंकून नवा हेडफोन घेऊन आले. दुकानदार किती अडाणी आहे, हे ते जेवताना आम्हाला समजावून सांगत होते.

नवा हेडफोन लावायचा तो दिवस आठवडी बाजाराचा होता. कचेरीला सुट्टी होती. मामाजींना मी मधे पडून कसंबसं तयार केलं. हे पिना जोडत होते, तेवढ्यात कचेरीतला शिपाई दारात आला. साहेबांच्या घरचा रेडिओ बाजाराच्या बातम्यांच्या वेळेलाच बंद पडला होता. हे मला म्हणाले, "टेप चालू आहे. बाबाले लावून दे. मी आलोच." आणि गेले.

मी चहा आणला होता. मामाजींच्या डोक्यावर हेडफोन ठेवला. या नव्या हेडफोनची तार एकाच बाजूच्या कवचातून निघत होती. ती डाव्या खांद्यावरून खाली यायला हवी होती. मी घाईत उलटा चढवला. तार उजव्या खांद्यावरून आली.

"ऐकू येते काय, मामाजी?"

"येते."

"कोणत्या कानात?"

त्यांनी बोट ठेवलं. उजव्यावरच.

उलटा लावलाय हे माझ्या तेवढ्यात लक्षात आलं. मी तो काढून सुलटा लावला. बोट उजव्यावरच राहिलं. पुन्हा उलटा केला. बोट हललं नाही. हेडफोनमध्ये बिघाड असता, तर कवचाबरोबर तो या कानातून त्या कानात जायला हवा होता. इतक्या रविवारांत आम्ही सगळं बदललं होतं. फक्त हेडफोन फिरवून लावून बघितला नव्हता. त्याच्यावर डाव्याउजव्याची अक्षरं लिहिलेली होती, आणि ह्यांचा लिहिलेल्या गोष्टींवर फार विश्वास.

मी हेडफोन काढून पोत्यावर ठेवला. चहाची कपबशी मामाजींच्या हातात दिली. त्यांच्या डाव्या बाजूला उभी राहिले आणि रोजच्यासारखं विचारलं, "साखर बरोबर आहे काय, मामाजी?"

ते बशीत चहा ओतून फुंकर मारत राहिले.

मी उजव्या बाजूला आले आणि तेच विचारलं.

"बरोबर आहे," ते म्हणाले. "काहून?"

मी काही नाही म्हणून बाहेर आले. आमच्या स्वयंपाकघरात मामाजींचा पाट भिंतीशी असे, चूल त्यांच्या डाव्या हाताला. मी लग्न होऊन आल्यापासून डावीकडूनच वाढत होते. डावीकडूनच विचारत होते. आणि न मिळालेल्या उत्तरावरून माझ्या भाताची, भाजीची, माझ्या माहेरच्या वळणाची परीक्षा मी स्वतःच घेऊन स्वतःच नापास होत होते. मला हसू आलं आणि त्याच्या मागोमाग डोळ्यांत पाणीही आलं.

सासूबाई तांदूळ निवडत होत्या. मी त्यांच्याजवळ बसून हळूच सांगितलं.

"हाव," त्या म्हणाल्या. "डाव्यानं नाही ऐकू येत त्यायले."

"तुम्हाले मालूम होतं?"

"मले नाही तं कोणाले राहीन?"

"मग सांगितलं काहून नाही?"

"मले कोणी पुसलं काय? तुम्ही तं मशीन दुरुस्त करून राहिले होते." त्यांनी सुपातला एक खडा काढून लांब फेकला. "अन् सांगतो कायले. कवा कवा आपल्या माणसाबद्दल बोलावं लागते. तवा मी त्या डाव्या अंगाले जाऊन बसतो."

हे परत आले तेव्हा साहेबांचा रेडिओ कायमचा शांत झाला होता आणि ह्यांचा चेहरा उतरलेला होता. मी त्यांना बाजूला घेऊन सांगितलं. त्यांनी आधी ऐकून घेतलं नाही. आत जाऊन हेडफोन स्वतःला सुलटा लावला, उलटा लावला, पुन्हा सुलटा लावला. मग तो हळूच खाली ठेवला. जाऊन मामाजींसमोर बसले, आणि थोडं सरकून त्यांच्या उजव्या हाताला आले.

"बाबा, डाव्या कानानं ऐकू नाही येत काय तुम्हाले?"

"नाही."

"कवापासून?"

"मिलमध्ये होतो तवापासूनच. हलर डाव्या अंगाले राहे. पह्यले कानात शिटी वाजे. मंग तेही बंद झालं."

"मंग सांगितलं काहून नाही? मी नागपूरले जाऊन आलो. दुकानदाराशी भांडलो."

मामाजी थोडा वेळ काही बोलले नाहीत. या वेळी मात्र त्यांनी ऐकलेलं होतं.

"तू म्हणे, मशीनमध्ये फॉल्ट आहे," ते म्हणाले. "मले वाटलं, असन. तू शिकलेला माणूस. दर वेळी म्हणे, आता दोन्हीकून येईन. मी म्हटलं, मशीन चांगली आहे, येईनही. त्या कानात काही वाजलं नाही किती सालापासून. पोराच्या हातानं वाजलं तं पाहू."

हे उठून विहिरीवर गेले. आल्याबरोबर हातपाय धुतलेले होते, ते पुन्हा धुतले. बराच वेळ पाणी ओतण्याचा आवाज येत होता.

मग ते आत आले आणि पक्कड घेतली. ज्या डाव्या कवचात आवाज यावा म्हणून इतके रविवार गेले, त्याची तार त्यांनी स्वतःच्या हाताने कापली. नव्याकोऱ्या हेडफोनची. सगळा आवाज उजवीकडे घेतला. मोकळं ओरडणारं कवच मुकं झालं, तशी माईकमध्ये शिरणारी पेटी आणि ती शिटीही गेली. हे मला हळूच म्हणाले, "फॉल्ट निघाला." मी मान डोलावली.

त्याच दुपारी गाणं झालं, पण सुरळीत नाही. मामाजी एका जागी तान घेऊन थांबले आणि कानातली पेटी पुढे निघून गेली. त्यांनी पुन्हा सुरुवात केली, पेटी पुन्हा निघून गेली.

"हा मास्तर थांबत काहून नाही माह्यासाठी?"

"बाबा, मास्तर घरी आहेत. हा टेप आहे."

"दंडारीत माणसं गाणाऱ्याच्या मांगं येत. इथं मी पेटीच्या मांगं जाऊ काय?"

"हाव. तसंच आहे हे."

मामाजींनी विचार केला. "म्हणजे हलरसारखं आहे," ते म्हणाले. "तोही थांबत नाही. त्याच्या तालावर गायलो मी लय." आणि डोळे मिटून गायले. पेटी जिथे पळायची तिथे ते तिच्याआधी जाऊन उभे राहिले. मी दाराबाहेर कोंबड्यांवर नजर ठेवून बसले होते. तो आवाज मी त्या घरात पहिल्यांदाच ऐकत होते. खाली वाकलेला, थोडा फाटलेला, पण एका जागी न डगमगणारा.

नंतर ह्यांनी त्यांना भंडाऱ्याच्या डॉक्टरकडे नेलं. डॉक्टर म्हणाले, नस गेली, आता इलाज नाही. कानात घालायचं यंत्र मिळतं, त्याने फार फरक पडणार नाही. मामाजींनी ते नको म्हटलं. "घरात येवढे लोक बोलून राहिले. येक कान पुरते." पण डॉक्टरने सांगितलेलं गावभर झालं. मग जो तो त्यांच्याशी ओरडून बोलू लागला, उजव्या बाजूनेसुद्धा. मामाजी वैतागून सांगत, "येक गेला आहे, दोन नाही गेले."

कॅसेट तयार झाल्यावर ह्यांनी मास्तरांना आणि ढोलकीवाल्याला बोलावलं. अंगणात खाटा टाकल्या. तिघं शेजारी शेजारी बसले आणि आपण तिघांनी मिळून वाजवलेलं गाणं पहिल्यांदा ऐकलं. ढोलकीवाला बोटांनी खाटेच्या दांडीवर ताल धरत होता. मामाजींनी उजवा कान टेपकडे केला होता. कॅसेट संपली.

"चांगलं झालं," मास्तर म्हणाले. "पण येक सांगू काय? मधात तुम्ही तान घेतली न, तिथं मी थांबलो असतो."

"थांबले नाही न पण तुम्ही."

"मले काय मालूम तुम्ही थांबणार आहे म्हणून."

ढोलकीवाला उठला. त्याची ढोलकी घरी होती, घर हाकेवर; तो ती घेऊन आला. मास्तरांनीही पेटी मागवली. तिघं अंगणातच बसले आणि तेच गाणं सुरू झालं. मामाजी तानेवर थांबले, मास्तरांनी पेटी धरून ठेवली, ढोलकी हळू झाली. मामाजींनी हवा तेवढा वेळ घेतला आणि मग तिघं मिळून पुढे गेले.

मी ह्यांच्याकडे बघितलं. माईक आत होता, कोरी कॅसेटही होती. ते एकदा अर्धवट उठले, खोलीच्या दाराकडे बघितलं आणि पुन्हा बसले. सासूबाई घरातून बाहेर आल्या. मामाजींच्या उजव्या अंगाला खाटेवर थोडी जागा होती, तिथे बसल्या.